गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2019 मध्ये महात्मा गांधींच्या प्रकृतीच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतले दोन आकडे कुठल्याही डॉक्टरला खडबडून जागे करतील असे आहेत. 26 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींचा रक्तदाब 194/130 होता आणि 19 फेब्रुवारी 1940 रोजी 220/110. एप्रिल 1936 मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले, त्यानंतरच्या वर्षांतल्या या नोंदी आहेत. माणूस शाकाहारी, मिताहारी, रोज मैलोन्‌मैल चालणारा. वजन 47 किलोच्या आतबाहेर. तंबाखू नाही, दारू नाही. तरीही रक्तदाब असा.

त्या काळी या दुखण्यावर फारसे काही हाती नव्हते. विश्रांती, मीठ कमी करणे, डोक्यावर आणि पोटावर मातीच्या पट्ट्या आणि सर्पगंधेसारखी वनस्पती, एवढीच साधने. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम जगापुढे ठामपणे मांडला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांचा निबंध 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला, तेव्हा गांधीजी जाऊन वर्ष उलटले होते. ज्या संप्रेरकाविषयी हा लेख आहे, ते तर 1953 पर्यंत कोणी वेगळे काढलेच नव्हते.

आज चित्र पार बदलले आहे. गोळ्या आहेत, स्वस्त आहेत आणि गावाजवळ मिळतात. तरीही वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात बसा, एक तक्रार हमखास कानावर येते : ‘गोळ्या तं रोज घेऊन राहिलो, पण बीपी काही उतरून नाही राहिलं.’ अशा माणसाला बहुतेक वेळा आणखी एक गोळी वाढवून दिली जाते. पण त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच असतो. हा रक्तदाब येतो कुठून? त्याचे एक उत्तर मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या, चार-पाच ग्रॅम वजनाच्या ग्रंथीत दडलेले आहे.

मीठ राखणारी ग्रंथी

प्रत्येक मूत्रपिंडावर एक, अशा दोन अधिवृक्क ग्रंथी आपल्या पोटात असतात. डॉक्टर त्यांना ॲड्रिनल म्हणतात. ग्रंथीच्या गाभ्यात ॲड्रिनॅलिन तयार होते, बाहेरच्या थरांत निरनिराळी स्टेरॉइड संप्रेरके तयार होतात. त्यांतल्या अगदी बाहेरच्या पातळ थरात तयार होणाऱ्या संप्रेरकाचे नाव अल्डोस्टेरॉन. शरीरातले मीठ राखणे हे त्याचे काम.

वर्ध्याच्या माणसाला हे काम लवकर समजेल. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, तेव्हा शेतात राबणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ वाहून जाते. रक्तातले पाणी कमी झाले, दाब उतरू लागला, की मूत्रपिंड रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होते, ते अधिवृक्क ग्रंथीला जागे करते आणि ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते. मग मूत्रपिंडाच्या नलिका लघवीत जाणारे सोडियम परत रक्तात ओढून घेतात. सोडियमच्या मागोमाग पाणीही परत येते. घामातले मीठही कमी होते. दाब सावरला, की रेनिन थांबते आणि अल्डोस्टेरॉनही खाली येते. सोडियम राखताना शरीर एक किंमत मात्र मोजते. त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकले जाते.

ही साखळी तुटली म्हणजे काय होते, हे शेतातल्या मोटारपंपावरून ध्यानात येईल. पिकाला पाणी हवे असेल तेव्हा शेतकरी मोटार सुरू करतो, वाफे भरले की बंद करतो. पण ऑटो स्विच लावून ठेवला आणि शेतकरी घरी निघून गेला, तर वीज आली की मोटार आपोआप सुरू होते आणि भरलेल्या वाफ्यांतही पाणी पडतच राहते. या विकारात अधिवृक्क ग्रंथीचे असेच होते. रेनिनने हाक दिलेली नसते, तरी ती आपल्या मनाने अल्डोस्टेरॉन बनवत राहते. शरीरात मीठ साठते, पाणी वाढते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम गळत राहते. या अवस्थेला प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. तिचे दुसरे नाव कॉन सिंड्रोम.

नुसता दाब वाढला असता तर एक वेळ भागले असते. पण जास्तीचे अल्डोस्टेरॉन हृदयाच्या स्नायूंत, रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात व्रणासारखे तंतू वाढवते. म्हणून तेवढाच रक्तदाब असलेल्या इतर रुग्णांपेक्षा या रुग्णांना पक्षाघाताचा धोका दुपटीहून अधिक आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका तिपटीहून अधिक असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. आकडा तोच असला तरी हा रक्तदाब अधिक घातकी आहे.

डॉ. कॉन यांची पहिली रुग्ण

लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन, जेम्स टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये गुरांच्या शेकडो किलो ग्रंथींमधून या संप्रेरकाचे अवघे काही मिलिग्रॅम स्फटिक वेगळे काढले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲन आर्बर येथे मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात 34 वर्षांची एक स्त्री डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे आली. सात वर्षे तिचे स्नायू अधूनमधून एकदम लुळे पडत. पाय उचलत नसत, हातांत पेटके येत. रात्री वारंवार लघवीला जावे लागे. रक्तदाब वाढलेला होता आणि रक्तातले पोटॅशियम फार खाली गेले होते.

कॉन यांच्यापाशी एक जुनी शिदोरी होती. दुसऱ्या महायुद्धात उष्ण आणि दमट प्रदेशात लढणारे सैनिक तिथल्या हवेला कसे सरावतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. उन्हात काम करता करता काही दिवसांत माणसाच्या घामातले मीठ कमी होते, हे त्यांनी तेव्हा पाहिले होते आणि अधिवृक्क ग्रंथीचे एखादे संप्रेरक हे घडवत असावे असा तर्क केला होता. या स्त्रीच्या घामातही मीठ फार कमी निघाले. ती कुठल्या रणरणत्या उन्हात राबत नव्हती, तरी तिचे शरीर मीठ घट्ट धरून बसले होते. कॉन यांनी तिच्या शरीरातल्या क्षारांचा कित्येक महिने काटेकोर हिशेब ठेवला आणि ग्रंथी अल्डोस्टेरॉन जास्त बनवते आहे, असा निष्कर्ष काढला.

डिसेंबर 1954 मध्ये शस्त्रक्रिया ठरली. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागतील अशी तयारी होती. पोट उघडल्यावर उजव्या ग्रंथीत चार सेंटिमीटरची गाठ सापडली. ती ग्रंथी तेवढी काढली, डावी राखली. त्या स्त्रीचे पोटॅशियम पूर्ववत झाले, रक्तदाब उतरला आणि पाय लुळे पडणे थांबले. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब गाठ काढून बरा होऊ शकतो, हे डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आले.

कॉन यांनी पुढे असे मांडले की उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांत हाच विकार असेल. तेव्हा ते फारसे कोणाला पटले नाही. पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत हा विकार शंभरात एखाद्याला होणारा, दुर्मीळ म्हणूनच नोंदला गेला. पोटॅशियम फार कमी झालेल्या रुग्णांतच त्याचा शोध घेतला जाई, हे त्याचे मोठे कारण. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन यांचे गुणोत्तर मोजण्याची पद्धत 1981 नंतर रूढ होत गेली, तेव्हा कॉन यांचा अंदाज किती जवळचा होता हे कळले. उच्च रक्तदाबाच्या साधारण 5 ते 10 टक्के रुग्णांत हा विकार असतो. तीन-तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांत तर हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जाते. आणि यांतल्या बहुसंख्य रुग्णांचे पोटॅशियम अगदी सामान्य असते. ‘पोटॅशियम ठीक आहे, म्हणजे हा आजार नाही’ हा समज म्हणूनच टाकून द्यायला हवा.

शंका कधी घ्यावी?

पुढे दिलेल्यांपैकी एखादी गोष्ट लागू असेल, तर डॉक्टरांशी या विकाराविषयी जरूर बोलावे.

• लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे नियमित घेऊनही रक्तदाब 140/90 च्या वरच राहतो.
• चाळिशीच्या आतच उच्च रक्तदाब सुरू झाला आहे, किंवा घरात कोणाला तरुण वयात रक्तदाब अथवा पक्षाघात झाला आहे.
• रक्तातले पोटॅशियम कमी आले आहे, मग ते लघवीच्या गोळीमुळे वाटत असले तरी.
• स्नायूंत अशक्तपणा, पेटके, किंवा सकाळी उठताना हातपायच उचलले जात नाहीत, असा झटका येऊन गेला आहे.
• दुसऱ्याच कारणाने काढलेल्या सोनोग्राफीत वा सीटी स्कॅनमध्ये अधिवृक्क ग्रंथीवर गाठ दिसली आहे.
• रक्तदाबासोबत हृदयाचे ठोके अनियमित पडतात, किंवा झोपेत घोरताना श्वास अडकतो.

मात्र त्याआधी साध्या गोष्टी तपासल्या पाहिजेत. गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का? रक्तदाब मोजताना पट्टा दंडाच्या मापाचा होता का, रुग्ण पाच मिनिटे शांत बसला होता का? सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही रक्तदाब वाढवतात. आणखी एक गोष्ट आपल्या घराघरात असते : ज्येष्ठमध. खोकल्याला कधी चघळला तर बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने रोज भरपूर घेतला, तर त्यातला ग्लायसिरायझिन हा घटक मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनसारखाच परिणाम घडवतो. रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. म्हणून काढे, चूर्णे, मात्रा जे काही सुरू असेल ते डॉक्टरांना न लपवता सांगावे.

अधिवृक्क ग्रंथीचे आणखी दोन विकार रक्तदाब वाढवतात. गाभ्यातल्या गाठीमुळे ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये उसळली, तर डोके ठणकणे, दरदरून घाम फुटणे आणि छातीत धडधड असे झटके येतात. कॉर्टिसोल वाढले तर चेहरा गोल होतो, पोट सुटते, कातडीवर जांभळट रेघा उमटतात. या दोन्हींचा तपास वेगळा असतो.

तपासणीची वाट

पहिली पायरी म्हणजे रक्ताचा एक नमुना. त्यात अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही मोजतात. मघाच्या पंपाकडे पुन्हा पाहिले तर तपासणीचे मर्म कळते : मोटार जोरात सुरू आहे आणि शेतकरी मात्र शेतात नाही, म्हणजे अल्डोस्टेरॉन चढलेले आणि रेनिन अगदी खाली. प्रचलित एककांत हे गुणोत्तर 20 ते 30 च्या वर गेले तर संशय बळावतो. नमुना सकाळी, रुग्ण उठून किमान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर आणि मग पाच ते पंधरा मिनिटे बसवून घेतात. पोटॅशियम कमी असेल तर ते आधी भरून काढावे लागते, कारण कमी पोटॅशियममुळे अल्डोस्टेरॉन खोटेच कमी दिसते.

काही औषधे निकाल बिघडवतात. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी रेनिन वाढते आणि आजार झाकला जाऊ शकतो. ॲटेनोलॉलसारख्या गोळ्यांनी रेनिन उतरते आणि नसलेला आजार दिसू शकतो. ॲम्लोडिपिनचा अडथळा त्या मानाने कमी. कोणती गोळी थांबवायची, बदलायची की तशीच ठेवून निकालाचा अर्थ लावायचा, हे डॉक्टर ठरवतील. तपासणीच्या नावाखाली स्वतःच गोळ्या बंद करू नयेत. त्यातून पक्षाघात ओढवू शकतो.

पहिली चाचणी संशयास्पद आली, की अनेकदा खात्रीची चाचणी करतात. शिरेतून चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन पुन्हा अल्डोस्टेरॉन मोजतात. इतके मीठ-पाणी मिळाल्यावर निरोगी ग्रंथी गप्प होते, आजारी ग्रंथी होत नाही. त्यानंतर सीटी स्कॅन. इथे मोठी मेख आहे. वय वाढते तशा या ग्रंथीवर निरुपद्रवी गाठी अनेकांना येतात आणि खरी दोषी गाठ कधी कधी एक सेंटिमीटरहूनही लहान असल्याने स्कॅनमध्ये दिसतच नाही. नुसत्या चित्रावर विसंबून शस्त्रक्रिया केली, तर चुकीची ग्रंथी काढली जाण्याचा धोका असतो.

म्हणून शस्त्रक्रियेचा विचार असेल तर दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधून रक्त घेऊन अल्डोस्टेरॉन कोणत्या बाजूला जास्त आहे हे पाहतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेली जाते. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, तिथे पोहोचणे त्या मानाने सोपे. उजवी मात्र जेमतेम काही मिलिमीटर लांबीची असते आणि थेट शरीराच्या मुख्य शिरेत उघडते. ती नेमकी गाठायला सरावलेला हात लागतो, त्यामुळे ही तपासणी मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच नीट होते. पस्तिशीच्या आतला रुग्ण, पोटॅशियम कमी आणि स्कॅनवर एकाच बाजूला स्पष्ट गाठ, असे असेल तर डॉक्टर ही पायरी वगळू शकतात.

दोन उपचार

दोष एकाच ग्रंथीत असेल, तर ती दुर्बिणीतून काढतात. पोटावर तीन-चार लहान छेद पुरतात आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत घरी जातात. दुसरी ग्रंथी शरीराची गरज भागवते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर 94 टक्के रुग्णांचे संप्रेरक आणि पोटॅशियम ताळ्यावर आले. रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या सुटल्या त्या 37 टक्के रुग्णांच्या. आणखी सुमारे निम्म्यांचा रक्तदाब पूर्वीपेक्षा सहज आटोक्यात आला. वय कमी आणि रक्तदाब अलीकडचा असेल तर पूर्ण सुटकेची शक्यता वाढते. वर्षानुवर्षे ताठरलेल्या रक्तवाहिन्या गाठ काढली म्हणून लगेच मऊ होत नाहीत. निदान लवकर व्हावे यासाठीचा आग्रह याच कारणाने.

दोन्ही ग्रंथी जास्त काम करत असतील, किंवा शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर गोळी आहे. अल्डोस्टेरॉन जिथे जाऊन बसते ती जागाच ही गोळी अडवते. स्पायरोनोलॅक्टोन हे तिचे नाव. साठ वर्षांहून अधिक काळ वापरात असलेली ही गोळी भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जेनेरिक स्वरूपात स्वस्तात मिळते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पाथवे-2’ या चाचणीत, तीन औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबावर चौथे औषध म्हणून हीच गोळी सर्वांत सरस ठरली.

ही गोळी जपून घ्यावी लागते. पुरुषांच्या छातीत गाठ येऊन दुखू शकते, स्त्रियांची पाळी अनियमित होऊ शकते. तसे झाल्यास एप्लेरेनोन हा पर्याय आहे. पोटॅशियम आता वाढण्याची भीती असते, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनही सुरू असेल तर. म्हणून गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत आणि नंतर ठरावीक काळाने पोटॅशियम आणि क्रिएटिनीन तपासावेच लागते. बाजारात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते, तेव्हा या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

दोन्ही उपचारांत मिठाचे पथ्य अटळ आहे. शरीरात मीठ जितके जास्त, तितके हे संप्रेरक अधिक नुकसान करते आणि तितके पोटॅशियम अधिक गळते. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. लोणचे, पापड, शेव, तर्रीबाज पोहे आणि जेवताना वरून घेतलेली मिठाची चिमूट यांचा हिशेब लावला तर ती सहज ओलांडली जाते.

वर्ध्याच्या हाती काय आहे

या विकाराचा शोध घेण्यासाठी वर्धा जिल्ह्याची तयारी इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा चांगली आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सेवाग्रामात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, जवळच सावंगीला दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढ्या लहान जिल्ह्यात दोन मोठी शिक्षण रुग्णालये क्वचित असतात. शिवाय नोव्हेंबर 2017 मध्ये पाच राज्यांतल्या 25 जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्गासोबत वर्धा होता. ठरलेल्या क्रमाने ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी औषधे, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्याचा पाठपुरावा, ही त्याची पद्धत. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

या नोंदींमध्येच पुढचा मार्ग आहे. कारंजा-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत, क्रमातली सगळी औषधे देऊनही ज्यांचा दाब उतरत नाही अशांची नावे या पद्धतीत आपोआप वेगळी पडू शकतात. त्या प्रत्येकाचे पोटॅशियम तपासावे आणि अल्डोस्टेरॉन-रेनिनच्या चाचणीसाठी त्याला महाविद्यालयीन रुग्णालयात धाडावे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने 2025 मध्ये उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी करावी, अशी सूचना केली आहे. भारतात सुमारे 22 कोटी लोकांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज आहे, तेव्हा सर्वांची चाचणी लगेच होणे कठीण. पण तीन गोळ्यांनंतरही ज्यांचा दाब चढाच आहे, त्यांच्यापासून सुरुवात उद्या करता येईल.

वाचकाला सांगणे एवढेच. तुमचा किंवा घरातल्या कोणाचा रक्तदाब गोळ्या नेमाने घेऊनही उतरत नसेल, तर नशिबाला बोल लावून गप्प बसू नका आणि गोळ्याही सोडू नका. पुढच्या खेपेला सगळे जुने कागद, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि काढ्या-चूर्णांची नावे घेऊन जा. पोटॅशियमचा शेवटचा आकडा काय होता ते विचारा. अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची तपासणी करावी का, असे स्पष्ट विचारा. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. आणखी एक गोळी वाढवण्याआधी कारण विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे, आणि तो त्याने बजावलाच पाहिजे.